दार मागच्या अंगाला

हल्ली कॉलेजची मुलं माझं घर बघायला येतात. गळ्यात कॅमेरे, पायांत काही नाही. गवतावर पालथी पडून छपराचे फोटो काढतात, काचेच्या भिंतीचे काढतात, परवा एकाने तर माझ्या संडासाच्या सरकत्या दाराचा काढला. "मिसेस प्रिचर्ड, ब्रिस्बेनमध्ये त्या काळी असं घर म्हणजे क्रांती होती," असं मला सांगतात. मला! मी म्हणते, बाळांनो, क्रांती काय ते मला माहीत नाही, पण त्या छपराला शेजारीपाजारी कोंबड्यांचं खुराडं म्हणायचे आणि पहिल्या पावसाळ्यात ते गळलंही. मिस ड्रूरी स्वतः शिडी लावून वर चढली आणि डांबर लावून आली. हे त्यांना लिहून घ्यायचं नसतं. त्यांना काच हवी असते.

मिस हेस्टर ड्रूरी, या घराची आर्किटेक्ट. मी जन्मभर तिला मिस ड्रूरीच म्हणत आले आणि ती मला मिसेस प्रिचर्ड. पण माझ्या मनात ती कधीच ‘अहो-जाहो’त राहिली नाही, म्हणून इथेही ‘ती’च म्हणते. ती गेली तेव्हा पेपरात अगदी थोडं आलं होतं. मला तेव्हा राग आला होता आणि अजून येतो.

मला पोलिओ झाला तेव्हा माझी मुलगी लिनेट अजून अंगावर पीत होती. हॉस्पिटलातून घरी यायला वर्ष गेलं आणि आले ती चाकांच्या खुर्चीत. घर होतं पॅडिंग्टनच्या उतारावर, सासऱ्यांनी बांधलेलं, आमच्याकडच्या सगळ्या घरांसारखं उंच खांबांवर उभं. वर खोल्या आणि खाली सगळं मोकळं. धुणं खाली, उन्हाळ्याची दुपार खाली, पोरांचं खेळणं खाली. संडास परसाच्या टोकाला, त्याबद्दल मी बोलत नाही. म्हणजे आयुष्य सगळं खाली आणि मी वर! माझा नवरा लेस ट्रामवर कामाला होता. रविवारी तो मला पाठुंगळीला घेऊन खाली उतरवायचा, शेजारणी गॅलरीतून बघायच्या आणि मी मेल्याहून मेल्यासारखी व्हायचे. लिनेट चालायला शिकली ती त्या घराखालीच. मी वरून फळ्यांच्या फटीतून बघितलं. एवढंसं पिवळं डोकं एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे गेलं, धपकन बसलं, पुन्हा उठलं.

शेवटी सासूबाई तिला घेऊन गेल्या. त्या सँडगेटला, समुद्राजवळ राहायच्या. बाई मनाने वाईट नव्हत्या, हे मी आज म्हणते. तेव्हा विचारलं असतंत तर वेगळं ऐकलं असतंत.

"हे बघ डल्सी," त्या म्हणाल्या, "तोंडावर बोलते, राग मानू नकोस. पोर जिन्यावरून गडगडली तर तू काय करणार? वरून ओरडणार? तू तिला दिवसभर एकटीने सांभाळू शकतेस हे माझ्या डोळ्यांना दिसू दे, मी स्वतः तिला तुझ्याकडे सोडीन. तोवर ती माझ्याकडे."

तेव्हापासून लिनेट रविवारच्या रविवारी यायची. मला ‘डल्सी’ म्हणायची, कारण सासूबाई मला डल्सी म्हणायच्या. त्यांना ‘नॅना’. पडली, खरचटलं, कुत्रं भुंकलं, की नॅना. आणि पुढल्या वर्षी सँडगेटच्याच शाळेत तिचं नाव घालायचं असं सासूबाईंनी ठरवूनही टाकलं. एकदा शाळा तिथे सुरू झाली की पोर कायमची तिकडची, हे मला कळत होतं. लेसलाही कळत होतं. तो ट्रामची टोपी हातात फिरवत बसायचा.

मिस ड्रूरी मला भेटली होती ती हॉस्पिटलात. तिथे नवीन न्हाणीघरं बांधायची होती आणि तिच्या ऑफिसातल्या पुरुषांनी तिला पाठवलं होतं, कारण न्हाणीघरं म्हणजे बायकांचा विषय. कॉलेजात पहिली आलेली बाई, आणि हिला नळ मोजायला पाठवतात! ती वॉर्डात आली, माझ्या कॉटच्या कडेला बसली, आणि म्हणाली, "तुमचा हात कुठवर पोचतो?"

मी बघतच राहिले. आजारी पडल्यापासून मला कोणी काही विचारलं नव्हतं. विचारायचं ते लेसला. मी शेजारी बसलेली असायचे आणि लोक त्याला विचारायचे, "हिला चहात साखर चालते का रे?" पाय गेले होते माझे, जीभ नाही! पण ही बाई टेप काढून बसली. हात वर केला की कुठे, पुढे केला की कुठे, खुर्चीतून कॉटवर जाताना कोणता हात आधी टेकता, दार ओढता की ढकलता. मी बोलत सुटले. इतकं बोलले की नर्स येऊन गप्प करून गेली.

पुढे मी घरी आले तशी ती पॅडिंग्टनला आली. आली ती म्हणाली, "मिसेस प्रिचर्ड, तुम्ही पलंगावर बसा. आज ही खुर्ची माझी." आणि सबंध दिवस माझ्या स्वयंपाकघरात ती माझ्या खुर्चीत बसून वावरली. चहा करायला गेली तर किटलीपर्यंत हात पोचेना. ताणून ओढली तर उकळतं पाणी मनगटावर. तेव्हा तिने अशी एक शिवी हासडली, की ट्रामवाल्याची बायको असूनही ती मी ऐकलेली नव्हती. मग आम्ही दोघी हसलो ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या दिवशी, काय सांगू, मला माणसात आल्यासारखं वाटलं.

लेस लढाईवर जाऊन आलेला, म्हणून आम्हांला सरकारी कर्ज मिळालं आणि अ‍ॅशग्रोव्हच्या टेकडीवर जमीन. मिस ड्रूरीने नकाशा काढला. एकच मजला, टेकडी थोडी कापून जमिनीलगत काँक्रीटची फरशी, पायरी एकसुद्धा नाही. सरकती दारं. ओटा माझ्या कोपराला येईल असा, सिंकखाली गुडघे जायला मोकळी जागा. बैठकीच्या खोलीला उत्तरेकडे सगळी काच, आमच्याकडे सूर्य उत्तरेकडून फिरतो, म्हणजे थंडीत ऊन आत, आणि मी कुठेही असले तरी बाग दिसायला हवी. बाग म्हणजे लिनेट, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण सासूबाईंची अट मी तिला सांगितली होती.

"जमिनीवर?" सासूबाई किंचाळल्या. "माणसं जमिनीवर राहतात? पूर आला तर? साप आला तर?"

"आई, टेकडीवर पूर कसा येईल?" लेस म्हणाला.

"आणि सापाला जिना चढता येतो," मी म्हटलं. त्यावर त्या माझ्याशी तासभर बोलल्या नाहीत.

घर बांधणार होता क्लॅरीमामा, सासूबाईंचा भाऊ. क्लॅरी हेगर्टी म्हटलं की अर्धं ब्रिस्बेन ओळखायचं. सोन्यासारखा माणूस, पण डोक्यात एकदा एक बसलं की कुऱ्हाडीनेही निघायचं नाही. जमिनीवर पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याने मिस ड्रूरीला विचारलं, "बाई, आर्किटेक्ट कुठे आहेत?"

"मीच."

"बरं," क्लॅरीमामा म्हणाला, आणि तरी तिच्या मागे कोणी येतंय का ते बघून घेतलं.

पण मग काम बरं चाललं. ती रोज सकाळी यायची, खाकी पँट घालून, आणि मामा रोज सकाळी त्या पँटकडे न बघायचा प्रयत्न करायचा. टेकडीला हात लावायची वेळ आली तेव्हा तिला वर मॅकेला एका शाळेच्या कामासाठी जावं लागलं. जाण्याआधी तिने सगळं समजावून सांगितलं, मामाने मान डोलावली. ती गेली आणि सिमेंट यायचं थांबलं. तेव्हा सिमेंट म्हणजे औषधालाही मिळायचं नाही.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे घर बांधायचं काम जमिनीवर होतं, पण ठरतं पबमध्ये. शनिवारी दुपारी काम सुटलं की सुतार, प्लंबर, पत्रेवाला, सगळे बारमध्ये उभे. कोण कधी येणार, काय आधी, काय नंतर, ते तिथे ग्लास हातात असताना पक्कं व्हायचं. आणि त्या बारमध्ये बाईला पाऊल टाकायची सोय नव्हती. बायकांसाठी बाजूला वेगळी खोली, वेताच्या खुर्च्या, गोड वाइन. तेव्हा मिस ड्रूरीने सकाळी सांगितलेलं शनिवारी दुपारी कुठल्या कुठे जायचं. ती इथे असली की सोमवारी येऊन निस्तरायची. या वेळी ती नव्हती.

ती परत आली तो शनिवारच होता. लेस ड्यूटीवर होता. तिने मला तिच्या छोट्या मॉरिसमध्ये बसवलं, खुर्ची मागे बांधली, आणि आम्ही घर बघायला निघालो. मी केसांना रिबन बांधली होती, इतकी खूश होते. टेकडीचं वळण घेतलं आणि मिस ड्रूरीने कचकन ब्रेक दाबला.

घर उभं होतं. खांबांवर! भिंतींचा सांगाडा झालेला, छपराचे वासे चढलेले, आणि खाली रांगेने लाकडी खांब, प्रत्येकाच्या डोक्यावर वाळवी अडवायची पत्र्याची टोपी. रस्त्याच्या बाजूला जमीन खोल, तिथे फरशी माणसाच्या छातीएवढी वर. आणि तिथवर जायला झकास, रुंद, नव्या कोऱ्या पायऱ्या. त्यांना कठडा. कठड्याला पॉलिश.

मी त्या पायऱ्यांकडे बघितलं आणि मला सँडगेटची शाळा दिसली. दुसरं काही नाही. संपलं, असं मी मोठ्याने म्हटलं बहुतेक.

मिस ड्रूरीने गाडी वळवली आणि थेट पबसमोर आणून उभी केली. खाली उतरून दारापर्यंत गेली. आतून बारवाला ओरडला, "बाई, लेडीज लाउंज पलीकडून!"

"मला आत यायचंच नाही," ती म्हणाली. "त्यांना बाहेर यायचंय." आणि परत येऊन तिने हॉर्नवर हात ठेवला, तो उचललाच नाही.

अहो, काय तो आवाज! रस्त्यावरचे घोडे बुजतील असा. सगळा बार दारात गोळा झाला, ग्लास हातात, फेस ओठांवर. सगळ्यांच्या मागून क्लॅरीमामा आला. आम्हांला बघून त्याचा चेहरा फुलला.

"डल्सी पोरी! बघितलंस का घर?"

"मामा," मी म्हटलं, "खांब कोणी सांगितले?"

"अगं, सिमेंट कुठाय? सिमेंटची वाट बघत बसलो असतो तर पावसाळा डोक्यावर आला असता. मग आम्ही इथेच ठरवलं शनिवारी. शिवाय जमिनीला टेकलेलं घर म्हणजे वाळवीला ताट वाढून ठेवल्यासारखं. चाळीस वर्षं घरं बांधतोय मी, तुला खड्ड्यात घालीन होय? आणि पायऱ्या बघ, मुद्दाम ठेंगण्या केल्यात. लेसला उचलायला सोपं. कठडा तर मी घरी बसून घासलाय, सिल्की ओकच्या लाकडाचा आहे, तुझ्यासाठी माझ्याकडून."

तो खरंच आनंदात होता, तेच वाईट होतं. मला त्याच्यावर ओरडायचं होतं आणि ओरडता येईना.

"मामा," मी म्हटलं, "कठडा धरायला आधी उभं राहता यावं लागतं हो."

क्लॅरीमामाने माझ्या मांडीवरच्या पांघरुणाकडे बघितलं, मग गाडीच्या मागे बांधलेल्या खुर्चीकडे. त्याला ते माहीत नव्हतं असं नाही. पण घर म्हटलं की त्याच्या हाताला पायऱ्या येतातच, जशा माझ्या हाताला केकमध्ये अंडी. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"पाडतो," तो म्हणाला. "उद्याच सगळं पाडतो."

"लाकूड कुठून आणाल पुन्हा?" मिस ड्रूरी म्हणाली. "काही पाडायचं नाही." तिने नकाशा काढून मॉरिसच्या बॉनेटवर पसरला. वाऱ्याने कोपरे उडायला लागले तसे तिने मागे न बघता हात पुढे केला, आणि चार जणांनी आपापले ग्लास चार कोपऱ्यांवर ठेवले. "मिस्टर हेगर्टी, मागच्या अंगाला टेकडी कुठवर येते?"

"मागे? मागे काय, टेकडी वरच येते. फरशीच्या खाली वीतभर राहिली असेल."

ती नकाशाकडे बघत राहिली. मग तिने तो ग्लासांसकट, बिअर सांडत, उलटा फिरवला.

"मग दार मागे," ती म्हणाली.

काय गिल्ला झाला म्हणता! घराचं मुख्य दार मागे? रस्त्याकडे पाठ? हे काय तुरुंगाचं कोठार आहे? पत्रेवाला म्हणाला, असं घर बघून लोकांना वाटेल आम्ही प्यायलो होतो. "प्यायलाच होतात की," ती म्हणाली. कोणी तरी विचारलं, "आणि पोस्टमन कुठून येणार?"

"चालत."

क्लॅरीमामा मात्र हसला नाही. तो वाकून नकाशा बघत होता. त्याच्या जाड बोटाने त्याने टेकडीच्या कडेने एक रेघ ओढली. "इथून अंगाअंगाने रस्ता नेला, विटांचा, तर खुर्ची वर जाईल," तो म्हणाला. "आणि वीतभर मातीचं काय, वरून कापून खाली भरायची. टोप्यांच्या वर माती जाऊ द्यायची नाही पण, बाई. मध्ये विटांची भिंत घालू. वाळवीचं माझं ऐका."

"ऐकते," ती म्हणाली. "तुम्ही माझं पायऱ्यांचं ऐका."

मग तो आत गेला आणि आम्हां दोघींसाठी दोन ग्लास शँडी, लेमोनेड घातलेली बिअर, घेऊन बाहेर आला. ती आम्ही गटाराच्या कडेला, उन्हात, सगळ्या पबसमोर प्यायलो. तेव्हापासून मामाने शनिवारची बैठक फूटपाथवर हलवली. बारवाल्याला ते आवडलं नाही, पण क्लॅरीला कोण बोलणार.

विटांचा रस्ता झाला तेव्हा मिस ड्रूरी पुन्हा माझ्या खुर्चीत बसली आणि हातांनी चाकं ढकलत वर जायला निघाली. अर्ध्यावर तिची दमछाक झाली, खुर्ची मागे आली आणि बाई लँटेनाच्या झुडपात. ओरखड्यांनी भरलेली बाहेर आली आणि म्हणाली, "चढ जास्त आहे. पुन्हा करा." मामाने विटा उपटल्या. दुसऱ्या वेळी रस्त्याला एक वळण जास्त दिलं. मग मी बसले. मी! घामाघूम झाले, तळहात सोलले, पण वर पोचले, आणि फरशीवर चाक गेलं ते कळलंसुद्धा नाही. बाहेर विटा, आत लाकूड, मध्ये काही नाही. मी आत गेले, बाहेर आले, आत गेले, बाहेर आले. लेस म्हणाला, "डल्सी, पुरे, वेड लागेल." मी म्हटलं, लागू दे. किती वर्षांनी मी कोणाला न विचारता घराबाहेर पडले होते. लेस पाठमोरा होऊन टेकडी बघायला लागला.

समोरच्या पायऱ्या मामाने पाडू दिल्या नाहीत. त्या भिंतीपाशी जाऊन संपायच्या. विमा विकणारे चढायचे, भिंत बघून उतरायचे. मग मी त्यांच्यावर कुंड्या ठेवल्या.

आम्ही राहायला आलो. शाळेत नावं घालायचे दिवस जवळ येत होते. सासूबाई रविवारी लिनेटला घेऊन आल्या. घरात शिरल्यापासून नाक मुरडणं सुरू. "दार कुठाय शोधता शोधता मी घामाने निथळले. ही काच कोण पुसणार? आणि हा ओटा कोणासाठी केलाय, बुटक्यांसाठी? माझी कंबर मोडली." त्या माझ्या ओट्यावर वाकून मांस कापत होत्या. लेस दोन गल्ल्या सोडून दूध आणायला गेला होता. मी टेबलापाशी मटार सोलत होते. बागेचं सरकतं दार आदल्या दिवसापासून अडकत होतं म्हणून मिस ड्रूरी आली होती. तिने ते तेल घालून मोकळं केलं आणि मग पाणी कुठून वाहतंय ते बघायला टेप घेऊन बागेत वर गेली. लिनेट तिच्याच आसपास काडीने माती उकरत होती. मटार सोलता सोलता मला दोघी दिसत होत्या.

आणि लिनेट किंचाळली. काडीने मोठ्या मुंगळ्यांचं वारूळ उकरलं होतं तिने. ज्यांना ते चावलेत त्यांनाच माहीत. पोर एका पायावर नाचत होती. "नॅना! नॅना!"

मटार सगळे जमिनीवर. मी चाकं फिरवली. दारातून कधी बाहेर पडले मला माहीत नाही. विटांवरून जाताना मी बघत होते फक्त लिनेटकडे, आणि तिच्या शेजारी उभ्या मिस ड्रूरीकडे. ती पोरीच्या इतकी जवळ होती, की हात लांब केला असता तर उचलता आली असती. तिने पोरीकडे बघितलं. मग वळून माझ्याकडे बघितलं. आणि ती जागची हलली नाही. टेप हातात धरून उभी राहिली. ओठ घट्ट मिटलेले, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, या बाईला झालंय काय! उचल की गं! उचल माझ्या पोरीला!

मग मी तिथे पोचले होते. मीच. फ्रॉकला धरून लिनेटला वर ओढली, मांडीवर घेतली. ती मला गुद्दे मारत होती. मी तिचा बूट काढला, मोजा काढला, एकेक मुंगळा चिमटीत धरून फेकला. एक मलाही चावला. पायावर लाल गांधी उठत होत्या, त्यांच्यावर मी फुंकर घालत होते आणि काय काय बोलत होते, ते मला आठवत नाही. तिने माझी कॉलर मुठीत धरली होती.

सासूबाई हातात टॉवेल घेऊन धावत आल्या. धापा टाकत समोर उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पुढे केले. "ये गं माझी सोनी, ये नॅनाकडे."

लिनेटने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. मग डोकं पुन्हा माझ्या खांद्यावर टाकलं. "डल्सी," ती हुंदके देत म्हणाली, "अजून फुंक ना."

मी फुंकत राहिले. सासूबाईंचे हात तसेच पुढे होते. मग त्यांनी ते खाली घेतले, टॉवेलची नीट घडी घातली, ती पुन्हा उलगडली. त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांची त्या क्षणी फार दया आली, देवाशप्पथ, कारण रात्र रात्र जागून पोरीला वाढवली होती त्यांनी.

"लेसला सांग," त्या म्हणाल्या, "संध्याकाळी माझ्याबरोबर चल म्हणावं. हिचे कपडे, बाहुली, सगळं घेऊन येऊ दे. आणि इथली शाळा कुठेशी आहे?"

"टेकडीखाली, आई."

"बरं." त्या घराकडे वळल्या. दारातून त्यांचा आवाज आला, "आणि व्हिनेगर कुठे ठेवतेस गं तू? या घरात मला एक वस्तू सापडेल तर शपथ!"

बागेत आम्ही तिघी उरलो. मिस ड्रूरी अजून तिथेच होती. आता तिने टेप गुंडाळायला घेतली होती, आणि ती हातातून सुटून पुन्हा पुन्हा खाली पडत होती.

"तुम्ही इतक्या जवळ होतात," मी म्हटलं. "उचललं का नाहीत?"

तिने टेप खिशात कोंबली.

"तुम्ही निघालेल्या दिसलात," ती म्हणाली.

मी तिचा हात धरला आणि हमसून हमसून रडायला लागले, आणि लिनेट रडायची थांबून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.